फिशर: ओळख, घरचे उपाय आणि उपचारांचा क्रम

गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक त्वचेला पडलेली उभी चीर म्हणजे फिशर. चीर सहसा लहानच असते, पण त्या जागी वेदना जाणवणाऱ्या नसा दाट असल्यामुळे शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखे दुखते. नंतरची आग आणि ठणका काही मिनिटे राहतो, तर कधी काही तास. धुताना किंवा पुसताना लालभडक ताजे रक्त थोडेसे दिसते. हा आजार कोणत्याही वयात होतो, पण तरुण आणि मध्यम वयात अधिक आढळतो, आणि स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. बेंगळुरूत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेल्या, पीजीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणांच्या बाबतीत त्याला दोन अडचणी जोडल्या जातात. जेवण आपल्या हातात नसते, आणि ज्याच्याशी मोकळेपणाने बोलावे असे घरचे माणूस जवळ नसते. मग आठवडे संकोचात जातात आणि ताजी चीर जुनी होते.

ताजी चीर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय भरते. त्यासाठी शौच मऊ होणे आणि दुखणे थांबल्यावरही ते काही महिने मऊ राहणे, एवढी मुख्य अट असते.

मूळव्याध, फिशर आणि भगंदर

मराठीप्रमाणे कन्नडमध्येही गुदद्वाराच्या कोणत्याही तक्रारीला सरसकट मूळव्याध म्हटले जाते. उपचार चुकण्याची सुरुवात तिथेच होते. मूळव्याधीत गुदमार्गातल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात. आतल्या मूळव्याधीतून रक्त पडते, पण सहसा दुखत नाही. भगंदरात गुदमार्ग आणि बाहेरची त्वचा यांच्यामध्ये नळी तयार होते आणि तिच्या तोंडातून पू किंवा पाणी येत राहते. फिशरमध्ये दुखणे हे मुख्य लक्षण असते आणि ते शौचाशी बांधलेले असते.

जुन्या फिशरच्या बाहेरच्या टोकाशी त्वचेचा लहानसा कोंब वाढतो. हाताला लागणारा हा कोंब मूळव्याधीचा मोड समजून महिनोन्‌महिने मूळव्याधीची मलमे लावली जातात. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. ते दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते आणि चीर भरण्याऐवजी आणखी नाजूक होते.

चीर भरत का नाही

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन वलये असतात. बाहेरचे वलय माणसाच्या इच्छेने आवळते. आतले आपोआप काम करते आणि जवळजवळ सतत आवळलेले असते. घट्ट, जाड मळ बाहेर पडताना त्वचा फाटली की वेदनेमुळे आतला स्नायू अधिकच आवळतो, त्याला पेटका येतो. आवळलेल्या स्नायूतून त्वचेपर्यंत पोहोचणारे रक्त कमी होते आणि रक्त कमी पोहोचले की जखम भरत नाही. सुमारे ९० टक्के चिरा गुदद्वाराच्या मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेने, बरोबर मध्यभागी पडतात. तिथला रक्तपुरवठा मुळातच कमी असतो. पुढच्या बाजूची चीर स्त्रियांमध्ये तुलनेने जास्त दिसते, विशेषतः बाळंतपणानंतर.

यातच माणूस दुखण्याच्या भीतीने शौच टाळू लागतो. मोठ्या आतड्यात अडकून राहिलेल्या मळातले पाणी शोषले जाते, त्याचा खडा होतो आणि पुढच्या वेळी तीच जखम पुन्हा उघडते. काही जण त्यापुढे जाऊन जेवणच कमी करतात. त्याने शौच मऊ होत नाही, फक्त दोन वेळांमधले अंतर वाढते आणि मळ अधिक कोरडा होतो. उपचारात हे चक्र प्रत्येक टप्प्यावर तोडावे लागते: मळ मऊ करायचा, स्नायू सैल करायचा आणि दुखणे कमी करायचे. साधारण ६ आठवड्यांच्या आतली चीर ताजी समजतात. त्यानंतरही न भरलेली, कडा जाड झालेली आणि कोंब आलेली चीर जुनी समजतात.

बद्धकोष्ठता हे मुख्य कारण असले तरी ते एकमेव नाही. वारंवार जुलाब झाल्यानेही त्वचा फाटते. लोहाच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि ट्रॅमॅडॉलसारखी वेदनाशामके शौच घट्ट करतात. व्यायामशाळेच्या सल्ल्याने प्रथिनांची पावडर, अंडी आणि कोंबडी यांवर राहणाऱ्या, पण भाज्या आणि धान्ये सोडलेल्या तरुणांमध्येही बद्धकोष्ठता होते.

शहरातली दिनचर्या

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हवा सौम्य असल्याने तहान फारशी लागत नाही, आणि वातानुकूलित कार्यालयात तर तिचा विसरच पडतो. सकाळी व्हाइटफील्ड, आउटर रिंग रोड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाण्यासाठी कॅब वा बस गाठायची असते, म्हणून शौचाची नैसर्गिक घाई दाबली जाते. दुचाकीवरून डिलिव्हरी करणाऱ्यांना दिवसभर स्वच्छतागृह सहज मिळत नाही. कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुली सुट्टीचा वेळ मोजका असतो म्हणून पाणीच कमी पितात. रात्रपाळीत तर शरीराचे घड्याळच उलटे होते.

यावर उपाय वेळ ठरवण्याचा आहे. जेवणानंतर, विशेषतः उठल्यावरच्या पहिल्या न्याहारीनंतर, मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. न्याहारी किंवा कॉफीनंतरची १५ ते ३० मिनिटे त्यासाठी राखून ठेवावीत. रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाकडे न पाहता आपल्या उठण्याच्या वेळेपासून हीच गणना करावी. घाई आली की थांबवू नये, आणि घाई नसताना कुंथत बसू नये. मोबाइल घेऊन कमोडवर वीस मिनिटे बसण्याची सवय मोडणे आवश्यक आहे. पाच मिनिटे पुरेशी असतात. कमोडवर बसताना पायांखाली १५-२० सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा स्टूल ठेवून थोडे पुढे झुकल्यास गुडघे कंबरेच्या वर येतात आणि मळ सहज पुढे सरकतो.

ताटात काय असावे

प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तंतू जेमतेम ३ ग्रॅम असतात. नाचणी, बाजरी, ज्वारी आणि गव्हाच्या पिठात मात्र ते १० ते ११ ग्रॅमच्या आसपास असतात. सकाळी इडली किंवा खाराभात, दुपारी भात-सांबार आणि रात्री पीजीतला भात किंवा बाहेरचा नूडल्स-पराठा असा दिवस गेला, तर पोट भरते पण तंतू निम्मेही मिळत नाहीत.

बेंगळुरूत त्याची भरपाई अवघड नाही. नाचणीची रागी मुद्दे आणि पालेभाज्यांचे सोप्पिन सारू हे इथले रोजचे अन्न आहे. उत्तर कर्नाटकी खानावळींत मिळणारी जोळद रोट्टी ही मराठी माणसाच्या ओळखीची ज्वारीची भाकरीच असते, आणि तिच्यासोबत पालेभाजी व मोड आलेली कडधान्ये मिळतात. मूगडाळ, काकडी आणि गाजराची कोसंबरी, हिवाळ्यात मिळणारे अवरेकाळू म्हणजे पावट्याचे ताजे दाणे, पेरू, पपई आणि येलक्की केळी ही सगळी सहज मिळणारी मदत आहे. हॉपकॉम्सच्या दुकानांत फळे जागोजागी मिळतात. पीजीत स्वयंपाकाची सोय नसेल तरी रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका व अंजीर, दोन फळे आणि काकडी-गाजर एवढे खोलीत ठेवता येते.

तंतू एकदम वाढवल्यास पोट फुगते आणि वात होतो, म्हणून आठवडा-दीड आठवड्यात हळूहळू वाढवावेत. सोबत दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी प्यावे. पाण्याविना वाढवलेला कोंडा उलट घट्टपणा आणतो.

तिखटाबद्दलचा प्रश्न हमखास विचारला जातो. नागपूरचे शल्यविशारद डॉ. प्रवीण गुप्ता यांनी ताजी चीर असलेल्या रुग्णांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. लाल मिरची घेतलेल्या काळात रुग्णांचा त्रास वाढल्याचे तिच्यात दिसले. मिरचीने चीर पडते असे नाही, पण चीर असताना ती झोंबते. म्हणून जखम भरेपर्यंत आंध्रा पद्धतीचे तिखट जेवण, मिरची भजी आणि लोणची बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते. मद्यानेही शरीरातले पाणी कमी होते.

शौच मऊ करणारी औषधे

अन्नातून तंतू पुरेसे जात नसतील तर इसबगोल हा सोपा पर्याय आहे. एक ते दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. कोरडे तोंडात टाकल्यास ते घशातच फुगू शकते. एवढ्याने शौच मऊ होत नसेल तर डॉक्टर लॅक्ट्युलोजचे सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ही औषधे मळात पाणी धरून ठेवतात आणि काही आठवडे घेता येतात. सोनामुखी असलेली चूर्णे किंवा एरंडेल रोज घेतल्याने पोट मुरडते आणि पातळ जुलाब होतात. जखमेला ते मानवत नाहीत, म्हणून ती पहिली निवड नसावीत.

साध्या उपायांची ताकद कमी लेखू नये. पहिल्यांदाच चीर पडलेल्या १०३ रुग्णांवरील एक चाचणी १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांनंतर कोंडा आणि कोमट पाण्यात बसणे या उपायांनी ८७ टक्के रुग्णांची जखम भरली होती, तर केवळ बधिर करणाऱ्या लिग्नोकेन मलमाने ६० टक्के रुग्णांची.

शेक, स्वच्छता आणि वेदना

कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे बसल्याने आवळलेला स्नायू सैल होतो. शौचानंतर एकदा आणि दिवसातून दोन-तीनदा हा शेक घ्यावा. पसरट टब नसेल तर कमोडवर बसवायचे प्लास्टिकचे भांडे मेडिकलमध्ये मिळते. सामाईक न्हाणीघर असलेल्या पीजीत तेच सोयीचे पडते. पाणी हाताला सुखद लागेल इतकेच गरम असावे. मीठ, तुरटी किंवा जंतुनाशक द्रव घालण्याची गरज नाही, त्याने जखम चुरचुरते. शेकाने आराम पडतो, पण जखम भरण्याचे मुख्य काम मऊ शौचच करते. म्हणून एखाद्या दिवशी शेक चुकला तरी चालेल, पाणी आणि तंतू चुकवू नयेत.

धुण्यासाठी साधे पाणी पुरते. जेट स्प्रेची जोरदार धार थेट जखमेवर मारू नये. साबण आणि सुगंधी ओले कागद टाळावेत, आणि जागा न घासता मऊ कापडाने टिपून कोरडी करावी. दुखणे असह्य असल्यास पॅरासिटामॉल घेता येते. लिग्नोकेनचे मलम शौचाआधी लावल्यास ती वेळ निभते, पण ते थोड्याच दिवसांसाठी वापरावे.

दीर्घकाळ बसल्याने चीर पडत नाही, मात्र ती असताना बसणे त्रासाचे होते. मऊ उशी घ्यावी, तासाभराने उठून चालावे. लालबाग किंवा कब्बन पार्कमधली अर्ध्या तासाची फेरी आतड्याच्या हालचालीला उपयोगी पडते. जड वजने उचलणे आणि सायकल चालवणे दुखणे थांबेपर्यंत टाळलेले बरे.

डॉक्टरकडे कधी आणि कोणाकडे

निदान पक्के करण्यासाठी एकदा तरी प्रत्यक्ष तपासणी व्हावी. व्हिडिओ कॉलवरच्या सल्ल्याने सुरुवात करता येते, पण तिच्यावर थांबू नये. तपासणी बहुधा डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन केली जाते. नितंब हलकेच बाजूला केले की चीर दिसते. फार दुखत असेल तर बोट किंवा दुर्बीण घालून केलेली तपासणी पुढे ढकलता येते, आणि तसे स्पष्ट सांगायला हरकत नसते. स्त्री रुग्णाने स्त्री डॉक्टरची किंवा तपासणीवेळी परिचारिका हजर असण्याची मागणी करणे रास्त आहे. गुदसंभोग झालेला असल्यास तेही संकोच न बाळगता सांगावे, कारण काही लैंगिक संसर्गांच्या जखमा फिशरसारख्या दिसतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात.

व्हिक्टोरिया, बॉवरिंग अँड लेडी कर्झन, मल्लेश्वरमचे के. सी. जनरल आणि जयनगर जनरल या सरकारी रुग्णालयांत तसेच कोरमंगलाच्या सेंट जॉन्सच्या बाह्यरुग्ण विभागात शल्यचिकित्सकाला दाखवता येते. ईएसआयचे विमाधारक कामगार राजाजीनगरच्या ईएसआय रुग्णालयात जाऊ शकतात. ‘पाइल्स, फिशर, फिस्टुला एका दिवसात बरे’ अशा पाट्या शहरभर दिसतात. तिथे जाण्याआधी डॉक्टरची पदवी आणि नोंदणी पाहावी. कर्नाटकात २००७ च्या कायद्याने खासगी दवाखान्यांना नोंदणी बंधनकारक आहे. पदवी नसलेल्या व्यक्तीकडून इंजेक्शन टोचून घेणे किंवा क्षार लावून घेणे धोक्याचे असते. त्याने गळू होते, आणि गुदद्वार कायमचे आकुंचूनही जाऊ शकते.

ताप, वाढती सूज किंवा पू, भरपूर रक्तस्राव किंवा चक्कर, काळे किंवा मळात मिसळलेले रक्त, वजन घटणे, सततचे जुलाब, अथवा घरात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काही असल्यास वाट पाहू नये. चीर मधल्या रेषेऐवजी बाजूला असेल, एकापेक्षा अधिक चिरा असतील किंवा मोठी चीर असून दुखत नसेल, तर क्रोन्स डिसीज, क्षयरोग, एचआयव्ही अशा कारणांचा शोध घेतला जातो.

स्नायू सैल करणारी मलमे

दोन-तीन आठवड्यांच्या घरगुती उपायांनी फरक पडला नाही, किंवा चीर आधीच जुनी असेल, तर पुढची पायरी मलमाची. भारतात २ टक्के डिल्टियाझेमचे मलम सर्रास लिहून दिले जाते. निफेडिपिन आणि लिग्नोकेन यांचे मिश्रणही मिळते. ही औषधे आतल्या स्नायूचा ताण कमी करून जखमेकडचा रक्तप्रवाह वाढवतात. वाटाण्याएवढे मलम दिवसातून दोनदा गुदद्वाराच्या कडेला आणि अगदी किंचित आत लावायचे असते, खोल घालायचे नसते. उपचार ६ ते ८ आठवडे चालतो. दुखणे बहुधा त्याआधीच थांबते आणि मलम तिथेच सोडले जाते. चीर उलटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. काहींना खाज किंवा डोकेदुखी होते.

ग्लिसरिल ट्रायनायट्रेटचे मलमही याच कामाचे, पण त्याने डोके बरेच दुखते आणि उभे राहिल्यावर गरगरते. सिल्डेनाफिलसारखी औषधे घेणाऱ्यांनी ते लावू नये, कारण रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. गर्भवती व स्तनदा स्त्रियांनी यांपैकी कोणतेही मलम डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

मलमांनी चीर भरली नाही तर बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन आतल्या स्नायूत देता येते. त्याने स्नायू दोन-तीन महिने सैल राहतो आणि त्या अवधीत जखम भरण्याची संधी मिळते. परिणाम तात्पुरता असल्याने बाळंतपणानंतर स्नायू दुबळा झालेल्या स्त्रियांसाठी हा पर्याय आधी पाहिला जातो.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आतल्या स्नायूचा खालचा थोडा भाग बाजूने कापणे. या शस्त्रक्रियेला लॅटरल इंटर्नल स्फिंक्टरोटॉमी म्हणतात. त्यात वेळ थोडा लागतो, बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात, आणि ९० टक्क्यांहून अधिकांची चीर भरते. थोड्या रुग्णांना वात रोखणे अवघड जाते किंवा कपड्याला डाग लागतो. हा त्रास बहुधा काळाने कमी होतो, पण क्वचित टिकूनही राहतो. ही शक्यता संमतिपत्रावर सही करण्याआधी समजून घ्यावी. पूर्वी भूल देऊन बोटांनी गुदद्वार ताणत असत. नियंत्रण जाण्याचे प्रमाण जास्त असल्याने ती पद्धत आता मागे पडली आहे. ‘लेझर’ असे सांगितले गेल्यास लेझरने नेमके काय कापणार, स्नायू की फक्त कोंब, हा प्रश्न विचारावा. ताजी चीर असताना, मलमांची मुदत पूर्ण होण्याआधीच शस्त्रक्रियेची घाई केली जात असेल तर दुसऱ्या शल्यचिकित्सकाचे मत घ्यावे.

अनेक वैयक्तिक आरोग्य विम्यांत मूळव्याध, फिशर आणि भगंदरासाठी २४ महिन्यांची प्रतीक्षा असते. कंपनीच्या गट विम्यात ती बहुधा नसते. दाखल होण्यापूर्वी पॉलिसीतले हे कलम वाचावे.

भरल्यानंतर

नवी त्वचा भरली तरी सुरुवातीला ती कच्ची असते. एकच घट्ट शौच तिला पुन्हा फाडू शकते. बरे झालेल्या ७५ रुग्णांवर वर्षभर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज १५ ग्रॅम कोंडा घेणाऱ्यांत १६ टक्के जणांना चीर पुन्हा झाली, त्याच्या निम्मा कोंडा घेणाऱ्यांत ६० टक्के आणि कोंडा न घेणाऱ्यांत ६८ टक्के जणांना. थोडासा कोंडा घेऊन समाधान मानणे आणि काहीच न घेणे यांत फारसा फरक उरत नाही, हा त्याचा अर्थ.

म्हणून मलम थांबले तरी तंतू, पाणी आणि शौचाची ठरलेली वेळ किमान वर्षभर सांभाळावी. प्रवास, परीक्षा, पाळीतला बदल, आजारपणातली लोहाची किंवा वेदनाशामक औषधे आणि गर्भारपण या काळांत बद्धकोष्ठता हमखास डोके वर काढते. अशा वेळी इसबगोल किंवा सिरप आधीच सुरू करावे. पुन्हा दुखू लागल्यास पहिल्याच दिवसापासून शेक आणि मऊ शौच यांकडे वळावे, आणि दोन आठवड्यांत आराम न पडल्यास आधीच्याच डॉक्टरांना, आधीचे कागद घेऊन, दाखवावे.